मदत हवी आहे: स्क्रीन रीडरवर चालणारा आमचा ग्रुप निषेध म्हणून बंद ठेवावा का?

मंडळी, नमस्कार.

मी दृष्टिहीन आहे. अंध मराठी मंडळींचा एक ग्रुप आम्ही तिघीजणी चालवतो. तो ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्यांनी कळवलंय की पुढच्या महिन्यापासून बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स बंद, सगळ्यांनी कंपनीचंच ॲप वापरायचं. डोळस सभासदांना फारसा फरक पडणार नाही, आमचं मात्र कामच अडणार आहे. त्या ॲपमध्ये नव्या पोस्टखाली मंजुरीचं आणि काढून टाकायचं बटण शेजारी-शेजारी आहे आणि दोन्हींना लेबल नाही. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, दोन्हींवर नुसतं 'बटण' म्हणतो. परीक्षेला लेखनिक हवाय म्हणून कुणी पोस्ट टाकली, तर ती मंजूर होतेय की उडतेय हे दाबेपर्यंत कळत नाही.

ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं, रेडिट या चर्चांच्या वेबसाइटवाल्यांसारखं दोन दिवस ग्रुप बंद ठेवू. माझं मन तयार होत नाही. २०२३ साली रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरची ॲप्स ज्या वाटेने रेडिटवरचा मजकूर मागवतात त्याला, पैसे लावले, अशा ५ कोटी मागण्यांना (कॉल्सना) सुमारे १२,००० डॉलर. रेडिट वाचायचं अपोलो हे बाहेरचं ॲप बनवणाऱ्याने हिशेब मांडला, वर्षाला जवळपास २ कोटी डॉलर होत होते. १२ जूनपासून हजारो सबरेडिट्स, म्हणजे रेडिटवरचे विषयवार ग्रुप, निषेध म्हणून ४८ तासांसाठी खासगी झाली. पण दोन दिवसांनी परत येतो असं आधीच सांगून टाकल्यावर कंपनीने फक्त वाट पाहायची होती. सीईओ स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलंही, की हेही निवळेल. पुढेही बंद राहिलेल्यांना मॉडरेटर, म्हणजे ग्रुप चालवणारे, बदलण्याची तंबी मिळाली. ३० जूनला अपोलो बंद पडलं.

त्यातल्या आर-ब्लाइंड या अंधांच्या सबरेडिटची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांची तक्रार नेमकी होती: अधिकृत ॲप स्क्रीन रीडरवर नीट चालत नाही. त्या बंदच्या आधीच रेडिटने रेडरीडर, डिस्टोपियासारख्या नफा न कमावणाऱ्या सुलभ ॲप्सना शुल्क माफ केलं. पण मॉडरेटरना लागणारी साधनं त्यांत पुरेशी नव्हती. म्हणजे वाचायची सोय झाली, सबरेडिट चालवायची नाही. आम्हालाही असंच अर्धं काहीतरी देऊन गप्प बसवतील, ही भीती आहे.

शिवाय बंदच्या दोन दिवसांत कुणाला खरोखर लेखनिक लागला तर? कंपनीचं काही बिघडणार नाही, त्या मुलीचा पेपर जाईल.

तर जाणकारांनी सांगावं, ग्रुप बंद न ठेवता कंपनीवर दबाव कसा आणायचा? कायद्याचा काही आधार आहे का? आणि कोणतं बँक ॲप टॉकबॅकवर चालतं, लेखनिकासाठी कोणता अर्ज भरायचा, अशा जुन्या चर्चा एकगठ्ठा उतरवून कशा घ्यायच्या?

प्रतिसाद:
ताई, बंद ठेवू नका. टॉकबॅकचा आवाज येईल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, एका अडचणीला एक क्लिप. 'ॲप सुलभ नाही' या वाक्याला ठरावीक उत्तर येतं. 'ही दोन बटणं, लेबल नाही' म्हटलं की ते कुणातरी डेव्हलपरच्या कामाच्या यादीत जातं.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचं होतं, तरी तक्रारीत हवाला जरूर द्या. दिल्लीच्या मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लिहा, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला.

जुन्या चर्चा मात्र आजच उतरवायला घ्या. सेटिंग्जमध्ये डेटा डाउनलोड असेल, पण त्यात बहुधा स्वतःच्याच पोस्ट येतात. बाकीच्या तुमचं जुनं ॲप चालू आहे तोवरच काढा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. क्लिप आज रात्रीच करते. माझ्याकडे फक्त अँड्रॉइड आहे. आयफोनवर व्हॉइसओव्हर (तिथला स्क्रीन रीडर) वापरणारं इथे कुणी असेल, तर तीच दोन बटणं तिथे काय बोलतात ते तपासून सांगाल का? तक्रार दोन्हींची एकत्रच पाठवायची आहे.