शब्दचर्चा: 'वेपन बॅलन्स', पण कशाकशातला?

रातकिडा
बंदुकांच्या ऑनलाइन खेळांवर मराठीत एक लेख लिहितोय आणि तिसऱ्याच वाक्यात गाडी रुतली. 'वेपन बॅलन्स'ला, म्हणजे कुठलीच बंदूक बाकीच्यांवर कायम भारी पडू नये म्हणून खेळ बनवणारे जो मेळ घालतात त्याला, काय म्हणावं? खेळताना आम्ही सरळ "ही गन ओपी आहे" (नको तितकी ताकदवान), "पॅचमध्ये नर्फ केली" (खेळाच्या सुधारित आवृत्तीत तिची ताकद कमी केली) असंच बोलतो, तिथे काही अडत नाही. पण हे माझ्या बाबांनाही कळायला हवंय. आतापर्यंत सुचलेले शब्द: शस्त्रसंतुलन, शस्त्रसमतोल, तुल्यबळ. पहिला वाचला की दोन देश एकमेकांची क्षेपणास्त्रं मोजत बसलेत असं वाटतं.

वरणभात
'तुल्यबळ' आधी खोडा. तो कुस्तीच्या बातमीतला शब्द आहे. दोन मल्ल तुल्यबळ, म्हणजे दोघांची ताकद जवळपास सारखी. बंदुकांचं तसं झालं तर दहा बंदुका ठेवायच्याच कशाला?

काउंटर-स्ट्राइक या खेळातली एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल (लांबून नेम धरायची बंदूक) घ्या. पाय सोडून कुठेही एक गोळी बसली की समोरचा संपला. पिस्तुलाशी ती तुल्यबळ नाही, नसावीही. पण खेळातल्या पैशांत तिची किंमत ४७५० डॉलर आणि सामना सुरू होताना खिशात असतात ८००. ती हातात घेतली की चाल मंदावते. नेम चुकला तर पुढची गोळी सुटायला सुमारे दीड सेकंद, तेवढ्यात तो अंगावर येतो. वर तिने एक मारला की बक्षीस १००च, साध्या रायफलला ३०० मिळतात. (म्हणजे या खेळात वेपन बॅलन्स आणि बँक बॅलन्स वेगळे नाहीतच.)

मी 'समतोल' घेईन, पण 'समतोल आहारा'तला. भाताइतकंच लिंबू वाढलं तर त्याला कोणी समतोल आहार म्हणत नाही.

मूठभर शेंगदाणे
आणि ती किंमत, ती मंद चाल, ते कमी बक्षीस यांना आपल्याकडे फार जुना शब्द आहे: पासंग! तराजूची पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या पारड्याला बांधतात ते वजन. फारसीतून आलाय, त्यातला 'संग' म्हणजे दगड. आता तो फक्त "तो हिच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढ्यापुरता उरलाय, बिचारा.

हेलो ३ हा खेळ बनवताना स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधलं अंतर ०.५ सेकंदावरून ०.७ केलं होतं. एवढ्या एका बदलावर २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक आख्खं व्याख्यान झालं. पासंग ०.२ सेकंदाचा! सोनाराच्या दुकानातली गुंज आठवली.

पट्टेकरी
मी मर्दानी खेळ शिकतो. आमच्याकडे 'शस्त्राचा तोल' म्हणजे वजन मुठीकडे किती आणि पात्याकडे किती. टोकाकडे जड असलेली तलवार घाव जबर घालते, पण परत फिरवताना मनगट बोलायला लागतं. त्यामुळे 'शस्त्राचा समतोल' कोणी लिहिलं तर मला तेच दिसणार. तुमचा अर्थ निराळा आहे ना?

वरणभात
पट्टेकरी, नेमकी दुखती नस पकडलीत. इंग्रजीत दोन शब्द शेजारी उभे केले की काम भागतं. मराठीत विभक्ती लावावी लागते आणि ती लावताना ठरवावंच लागतं की समतोल कशाचा, कशाकशातला. 'शस्त्राचा तोल' हा तुमचा, हातातल्या एका वस्तूचा. 'शस्त्रांमधला समतोल' हा वेगळा. 'शस्त्रांमुळे दोन बाजूंत राहणारा समतोल' हा आणखी वेगळा. गेमर पोरं भांडतात ती बहुतेक वेळा यातल्या दोन वेगळ्या गोष्टींवर, आणि दोघंही 'बॅलन्स' म्हणत असतात!

उदाहरण. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके ही रायफल फक्त बॉम्ब लावणाऱ्या बाजूला विकत मिळते, एम४ ही रायफल अडवणाऱ्या बाजूला. समोरच्याने हेल्मेट घातलं असलं तरी एकेची डोक्यातली एक गोळी पुरते, एम४ला दुसरी लागते. शस्त्राशी शस्त्र ताडून पाहिलं तर सरळ अन्याय. पण अडवणारा आधीच कोपरा धरून बसलेला असतो, दुसऱ्याला चालून जावं लागतं. शिवाय १२ फेऱ्या झाल्या की बाजू बदलतात. समतोल आहे, पण तो सामन्यात आहे, बंदुकीत शोधून सापडणार नाही. नेपाळी बाघचाळ हा पटावरचा खेळ पाहा, ४ वाघ विरुद्ध २० शेळ्या. तिथे वाघ आणि शेळी तुल्यबळ आहेत असं म्हणून पाहा बरं.

आळशी अजगर
तिसरी जोडी विसरलात, खेळाडू आणि खेळाडू. एके दाबून धरली की नळी वर चढते, मग डावी-उजवीकडे पळते. हा आकृतिबंध ठरलेला असतो, म्हणजे घोटून घोटून हातात बसवता येतो. ज्याने घोटलाय त्याला ती सोन्याची. मी धरली की छताला भोकं. मग ती 'ओपी' कोणाच्या हातात मोजायची?

पबजीत आणखी मजा. तिथली एडब्ल्यूएम ही स्नायपर तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे सर्वांत मजबूत हेल्मेटसकट डोकं उडवते, पण मिळते ती मुख्यतः एअरड्रॉपमधून, म्हणजे विमानातून टाकलेल्या पेटीतून. विमान घरघरत जातं, पेटीतून धूर निघतो, म्हणजे सगळ्या गावात दवंडी. घ्यायला जाणाऱ्यावर चारी बाजूंनी गोळ्या. तिचा पासंग बंदुकीत नाही, वाटेत आहे.

मूठभर शेंगदाणे
माझ्याच शब्दावर माझीच शंका. पासंग हलक्या पारड्याला बांधतात, म्हणजे तो फार तर बफ (ताकद वाढवणं) झाला. नर्फ म्हणजे जड पारड्यातून काढून घेणं. शिवाय "याच्या तराजूत पासंग आहे" म्हटलं की दुकानदार लबाड ठरतो. मी शब्द मागे घेते. पण हळहळत.

पट्टेकरी
नर्फला 'बोथटणे'. शस्त्राचंच क्रियापद आहे. "नव्या पॅचमध्ये एडब्ल्यूपी बोथटली."

वरणभात
वा! नर्फ हे मुळात फोमच्या खेळण्यांच्या ब्रँडचं नाव, तेव्हा 'बोथट' अगदी घरचा. फक्त बंदूक बोथटते का, यावर कोणीतरी भांडायला येईलच.

रातकिडा
सगळ्यांचे आभार. असं लिहिलंय: "शस्त्रांमधला समतोल म्हणजे सगळी शस्त्रं सारखी असणं नव्हे. प्रत्येक शस्त्र हातात असावंसं वाटेल असा निदान एक प्रसंग खेळात असणं आणि ते उचलण्याचं काहीतरी मोल पडणं." बाजूंच्या समतोलाचा परिच्छेद वेगळा केला. 'बोथटली' घेतलं. पासंगही एके ठिकाणी घुसवलाय, लबाड दुकानदारासकट.

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, समतोल कळला, बोथटणं कळलं, ते 'रिकॉइल' काय आहे? मी 'धक्का' म्हणालो. तर म्हणे, धक्का खांद्याला बसतो, तुझी तर नळी वर जातेय.

नवीन धागा काढू का?