वाचाकेंद्राजवळची गाठ: रुग्णाला जागे का ठेवतात?

प्रश्न: माझ्या बहिणीच्या मेंदूत डाव्या बाजूला, वाचाकेंद्राजवळ, हळू वाढणारी ग्लायोमाची (मेंदूतील आधारपेशींपासून होणारी) गाठ आढळली असून शस्त्रक्रियेच्या मधल्या टप्प्यात तिला जागे ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. एमआरआयमध्ये सारे दिसत असताना याची गरज काय? आणि तिला वेदना होतील का?

उत्तर १: मेंदूच्या ऊतीला वेदना जाणवत नाही, दुखते ती डोक्याची त्वचा आणि मेंदूचे बाह्य आवरण, व ती बधिर केली जातात. फंक्शनल एमआरआय बोलताना कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवतो, परंतु तो भाग काढल्यास वाचा जाईल की नाही, हे सांगू शकत नाही. शिवाय कवटी उघडल्यावर मेंदू किंचित सरकतो, त्यामुळे आधीच्या प्रतिमांवर पूर्णपणे विसंबता येत नाही. म्हणून रुग्ण चित्रांतील वस्तूंची नावे सांगत असताना पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देतात आणि जिथे तो वारंवार अडखळतो तो भाग राखतात. मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात अशा चाचणीचा पाया विस्तारला.

उत्तर २: त्यात एक भर घालतो. या प्रवाहाने कधी अपस्मारासारखा झटका (फिट) येऊ शकतो. तेव्हा मेंदूवर थंड सलाइन ओततात व तो बहुधा थांबतो. मेंदूचे भाग जोडणारे खोलवरचे तंतुमार्गही असेच तपासतात, कारण ते तुटल्यास झालेली हानी सहसा भरून येत नाही. तिथे गाठीचा काही अंश मागे ठेवणे हेच माझ्या मते शहाणपणाचे.

प्रश्नकर्ती: ती दोन भाषांत काम करते.

उत्तर १: मग हे आधीच सांगा, दोन्ही भाषांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते, कारण त्यांची स्थाने पूर्णपणे एकच असतील असे नाही.