बेसिनवर तोंड धुताना आईचा तोल जातो, पण चक्कर येत नाही. कुणाला दाखवावं?

वाईची_लेक:
आई ६८ वर्षांची, वाईला एकटी राहते. हल्ली बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती पुढे कलते, नळ धरावा लागतो. रात्री लाइट गेली तर भिंतीला हात लावून चालते. दिवसा मात्र मंडईतून भाजी घेऊन येते, काही त्रास नाही. गरगरतं का विचारलं तर नाही म्हणते, "पाय गादीवर पडतायत असं वाटतं" एवढंच. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. शेजारी म्हणतात कानाचं असेल.

सांगलीकर:
सासूबाईंना कानाचंच निघालं होतं. कूस बदलली की खोली फिरायची. ईएनटीच्या डॉक्टरांनी डोकं ठरावीक पद्धतीने वळवून झोपवलं, उठवलं, बरं वाटलं. काकूंना कूस बदलताना होतं का?

वाईची_लेक:
नाही, झोपल्यावर काहीच होत नाही.

फिजिओ_कोल्हापूर:
ताई, मी तोल जाणाऱ्या पेशंटबरोबरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उभं राहायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पाय. तळपायाची कातडी, घोट्याचे सांधे आणि पोटरीच्या स्नायूंतले ताण ओळखणारे संवेदक मिळून पाय नक्की कुठे आहे ते सांगतात. यातलं एक कमी पडलं तर बाकीची दोन सांभाळून घेतात. काकूंचे डोळे दिवसभर पायांचं काम करतायत. साबण लावला किंवा लाइट गेली की तो आधार जातो. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागचे सरकले असते तर कूस बदलताना गरगरलं असतं. म्हणून मला पायांच्या नसांचीच शंका येते.

डोळ्यांचा तोलावर किती ताबा असतो हे १९७४ मध्ये ली आणि ॲरन्सन यांनी दाखवलं. जमीन स्थिर ठेवून त्यांनी नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बाळांभोवतीची खोलीच हलवली. बाळं डोलली, काही पडलीसुद्धा. आपली गाडी उभी असताना शेजारची लोकल सुटली की आपणच निघालो असं वाटतं, तेही डोळ्यांमुळेच.

डोळे मिटून उभं करायची तपासणी जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते, १९व्या शतकापासून चालत आली आहे. ती घरी एकट्याने करू नका. डॉक्टरांकडेच करा, आणि पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा) लावून कंपन जाणवतं का तेही बघायला सांगा.

मुख्य म्हणजे बी-१२ तपासा. मेटफॉर्मिनने ते कमी होऊ शकतं. काकू शाकाहारी असतील तर शक्यता आणखी वाढते. बी-१२ कमी राहिलं तर पाठीच्या कण्यातले हीच खबर वर नेणारे मार्ग खराब होतात, आणि उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाहीत. नुसत्या मधुमेहानेही पायांच्या नसा जातात, तेव्हा साखरही बघाच. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

पुणेरी_आजोबा:
तळव्यांना व्हायब्रेशनचं मशीन लावलं तर नसा जाग्या होत नाहीत का?

फिजिओ_कोल्हापूर:
काका, कंपनाने पायांची खबर बिघडतेसुद्धा. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्क्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी दंडाच्या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, कंपन दिलं. हात जागचा हलला नव्हता, तरी डोळे झाकलेल्या लोकांना कोपर उघडत असल्याचा भास झाला. त्याआधी हातपाय कुठे आहेत ते सांध्यांवरून कळतं असंच मानत, स्नायूंचा वाटा या प्रयोगाने पुढे आला. डोळे मिटून उभ्या माणसाच्या टाचेवरच्या कंडरेला कंपन दिलं तर तो मागे कलतो. काकूंचा तोल आधीच कच्चा आहे, त्यांना उभं असताना मशीन नकोच.

वाईची_लेक:
आई शाकाहारीच आहे. उद्याच लॅबमध्ये नेते. तोवर घरात काय करू?

फिजिओ_कोल्हापूर:
पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा, तोही इन्व्हर्टरवर किंवा चार्जिंगचा. जाड मऊ स्लीपर काढून पातळ, घट्ट तळव्याची चप्पल. बेसिनशेजारी भिंतीत पक्कं हँडल, नळ उपटून येतो. तोंड खुर्चीवर बसून धुवायला सांगा. तळपायाला जखम आहे का ते रोज बघा, बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. रिपोर्ट आला की इथे टाका, व्यायाम कुठून सुरू करायचा ते त्यावरून सांगते.