टायडलवर पहिलाच २५ मिनिटांचा कार्यक्रम: जोडीला काय काय बसवू?

अर्धी_मात्रा:
नमस्कार. पुढच्या महिन्यात पुण्यात एका मैत्रिणीच्या चित्रप्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी मला २५ मिनिटं लाइव्ह कोडिंग (लोकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणं) करायचंय. टायडलसायकल्स (ठेके कोडमध्ये लिहायची भाषा) आणि सुपरडर्ट (त्यांचा आवाज काढणारा, सुपरकोलायडर या ध्वनी-सॉफ्टवेअरवर चालणारा भाग) वर्षभर घरीच वाजवतेय. श्रोता एकच, माझा भाऊ, आणि तोही हेडफोन घालून बसलेला. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

शोधायला बसले तर जोडण्यांचं जंगलच लागलं: एससी-थ्री प्लगिन्स (सुपरकोलायडरच्या जोडण्या), म्यूटेबलचे युजेन (म्यूटेबलच्या सिंथ यंत्रांवरून केलेले, आवाज घडवणारे ठोकळे), हायड्रा (कोडने हलती चित्रं काढणारं सॉफ्टवेअर), मिडी कंट्रोलर (फेडर-नॉबचं छोटं यंत्र). महिन्याभरात यातलं काय खरंच कामाला येईल?

अजून एक. आजीने स्वयंपाकघरात बसून म्हटलेल्या चार ओव्या फोनवर आहेत, त्या वापरायच्यात. एक ४० सेकंदांची आहे. ती एकदा सुरू झाली की मी 'हश' (सगळं थांबवायची आज्ञा) केलं तरी आजी थांबत नाही.

खर्जातला_भोंगा:
आजी कुणाच्या सांगण्यावरून थांबत नसते, पण त्याकडे येतो.

मी दिवसा लग्नामुंजींना साउंड लावतो आणि रात्री टायडल, तेव्हा माझं मत साउंडवाल्याचं आहे असं समजा. आधी लिमिटर, म्हणजे आवाजाला ठराविक मर्यादेवर अडवणारा. सुपरकोलायडरमध्ये बॅटलिब नावाचा क्वार्क (जोड-पॅकेज) आहे, त्यात स्टेजलिमिटर मिळतो. बसवायला एक ओळ, चालू करायला एक. ती दुसरी ओळ स्टार्टअप फाइलमध्येच घालून ठेवा, सर्व्हर (सुपरकोलायडरचं आवाज काढणारं इंजिन) बूट झाल्यानंतर चालेल अशी. ऐन वेळी आठवेल या भरवशावर राहू नका.

कारण टायडलमधला गेन (आवाजाची पातळी) सरळ वाढत नाही, चौथ्या घाताने वाढतो. १ चा १.५ केलात की आवाज पाचपट. एकदा एका छोट्या हॉलमध्ये मी ०.७ च्या जागी १.७ लिहिलं. हिशेब करून बघा, जवळजवळ ३५ पट होतं. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी कानांवर हात ठेवले, ते शेवटपर्यंत काढले नाहीत. माझ्याकडे लिमिटर होता. घरच्या मशीनवर.

एससी-थ्री प्लगिन्स बसवाच, सुपरपियानोसारखे काही आवाज त्यांच्याशिवाय निघतच नाहीत. एक्स्टेन्शन्स फोल्डरमध्ये टाका, क्लास लायब्ररी पुन्हा कंपाइल करा, झालं. म्यूटेबलचं म्हणाल तर ते युजेन झकास आहेत. एमिली जिले यांनी आपल्या मॉड्यूलर यंत्रांचा कोड खुला ठेवला म्हणून ते आपल्या हाती लागले. पण महिन्याभरात नवं वाद्य शिकून लोकांसमोर बसू नका. पुढच्या वेळी.

मिडी कंट्रोलर मात्र घ्या, जुना मिळाला तरी चालेल. माझ्याकडे कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ आहे, आठ फेडर, आठ नॉब. टायडल ६०१० या पोर्टवर बाहेरचे आकडे ऐकतं. सुपरकोलायडरमधला एक छोटा तुकडा मिडी घेऊन तिकडे पाठवतो. सगळं जोडत बसू नका. एक फेडर फिल्टरला, एक ओव्यांच्या आवाजाला, बस्स. आणि फेडर हलवेपर्यंत टायडल कोडमध्ये लिहिलेली मूळ किंमत धरून चालतं, म्हणून ती शहाण्यासारखी लिहा. मी एकदा शून्य लिहून ठेवलं होतं आणि पहिली दोन मिनिटं वायरी तपासत बसलो.

आता आजी. हश फक्त पुढचे ठोके पाठवणं बंद करतं. जो सॅम्पल (ध्वनिमुद्रित तुकडा) सुटला तो आपला संपेपर्यंत वाजतो. त्याला 'कट' लावा, म्हणजे नवा तुकडा सुरू होताना जुना तुटेल. किंवा 'लेगॅटो', म्हणजे प्रत्येक तुकडा आपल्या वाट्यापुरताच वाजेल. नव्या आवृत्त्यांत 'पॅनिक' आहे, ते वाजत असलेलं सगळंच गप्प करतं. फोनवरच्या फाइली आधी वेव्हमध्ये बदलून घ्या.

सम_चुकली:
भोंगेसाहेब बोललेच आहेत, मी ओव्यांपुरतं लिहिते. 'लूपॲट'च्या मोहात पडू नका. तो ओवी ताणून सायकलमध्ये (टायडलच्या आवर्तनात) बसवतो, पण वेग बदलला की पट्टीही बदलते. आजीची चिमणी होते. आणि जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, चारच्या ठोक्यावर नाही. मी असते तर ऑडॅसिटीत बसून जिथे आजी श्वास घेते तिथे हाताने कापलं असतं आणि फाइलींना ००, ०१, ०२ अशी नावं दिली असती. शून्य विसरू नका. फाइली नावाच्या क्रमाने लागतात, नुसते आकडे दिलेत तर १० नंबरची ओळ २ च्या आधी येऊन बसेल.

अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही अवतरणचिन्हांत जी ठेक्यांची लिपी लिहिता, तिच्या मुळाशी तबला आहे. १९८० च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी लखनौ घराण्याच्या कायद्यांचं (तबल्यातल्या एका रचनाप्रकाराचं) व्याकरण मांडायला 'बोल प्रोसेसर' केला. ॲलेक्स मॅक्लीन यांनी टायडलची लिपी करताना त्यातून बरंच घेतलं. हेच बेल पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या ओवीसंग्रहाच्या कामात आले. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो डेटाबेस त्यांनी उभा केला. म्हणजे टायडलमध्ये ओवी वाजवणं अगदीच उपरं नाही.

महिरपी कंस वापरून बघा, त्यांत वेगवेगळ्या लांबीचे ठेके एकत्र चालतात. सात मात्रांचा रूपक ताल सोळा घरांच्या सायकलवर सोडला की दोघांची सम ११२ मात्रांनी भेटते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ५६ सेकंद. तेवढ्यात आजीची एक ओवी आरामात होते.

पिक्सेल_पाव:
हायड्रासाठी माझा सल्ला: दुसरा लॅपटॉप, दुसरा माणूस. ऑलिव्हिया जॅकने ते ब्राउझरमध्ये चालेल असं केलंय हे खरं, पण ८ जीबीवर सुपरकोलायडर, एडिटर आणि वर ब्राउझर म्हणजे ओढाताण. शिवाय ते आवाज मायकमधून घेतं, लोक हसले तरी चित्र हलतं. (मला ते आवडतं, पण सांगून ठेवलेलं बरं.) कोणी जोडीला नसेल तर नुसता कोड प्रोजेक्टरवर टाका. टॉपलॅप या लाइव्ह कोडिंगवाल्यांच्या गटातले लोक २००४ पासून पडदे दाखवा म्हणतायत ते उगीच नाही. अक्षर मात्र शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढं मोठं.

अर्धी_मात्रा:
सगळ्यांचे आभार! काल रात्री स्टेजलिमिटर बसवला. मग मुद्दाम १.७ लिहून पाहिलं, भाऊ हेडफोनसकट उठला पण कान शाबूत आहेत. ओव्या कापल्या, ३१ तुकडे झाले. एकात मागे कुकरची शिट्टी आहे, ती ठेवलीय.

फक्त एक नवीनच त्रास. घरच्या स्पीकरला लॅपटॉप जोडला की चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येतो. चार्जर काढला की बंद. बॅटरी जेमतेम २० मिनिटं टिकते.

खर्जातला_भोंगा:
ती अर्थिंगची हम आहे, सॉफ्टवेअरने जाणार नाही. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (अर्थिंगची जोडणी तोडता येणारा जोड-डबा) लागेल. तिथले स्पीकर-मिक्सर कुणाचे आहेत ते आधी विचारून ठेवा, आणि ब्लूटूथ हेडफोन त्या दिवशी घरीच ठेवा. त्याचा मायक इनपुट म्हणून निवडला गेला की सॅम्पल रेट जुळत नाही आणि सर्व्हर बूटच होत नाही.

तारीख कळवा. डीआय माझ्याकडे दोन आहेत, ठाण्याहून घेऊन येतो. ती शिट्टी मला ऐकायचीय.