डिजिटल पियानो जुन्या सिंथेसायझरला मिडीने जोडण्याबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न :
नमस्कार. माझ्याकडे यामाहा पी-४५ हा डिजिटल पियानो आहे आणि वाद्यवृंदात वाजवणाऱ्या काकांनी दिलेला एक जुना सिंथेसायझरही आहे. पियानो वाजवताना त्याच्या सुरांखाली सिंथेसायझरमधले व्हायोलिनसमूहाचे स्वर ऐकू यावेत, अशी माझी इच्छा आहे. पियानोला फक्त चौकोनी यूएसबी खाच आहे, तर सिंथेसायझरला मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप पाठवण्याच्या पद्धतीच्या, ५ पिनांच्या गोल खाचा आहेत. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग असलेली केबल दुकानदाराने दिली, सोबत जोडणीचा छोटा अडॅप्टरही दिला; पण काहीच वाजत नाही. संगणक मध्ये न घेता हे जमेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
जमेल, मात्र त्या केबलने नाही. यूएसबी जोडणीत एका बाजूला यजमान (जोडणी चालवणारे, संगणकासारखे उपकरण) लागतो आणि तुमचा पियानो व ती केबल हे दोघेही पाहुणे आहेत, म्हणून दोघेही समोरच्याची वाट पाहत थांबतात. अडॅप्टरने खाच जुळते, पण पाहुण्याचा यजमान होत नाही. तुम्हाला ‘यूएसबी मिडी होस्ट’ नावाची छोटी पेटी लागेल, जिच्या एका बाजूला पियानोची यूएसबी केबल आणि दुसऱ्या बाजूला गोल खाचा असतात. पेटीच्या ‘आउट’मधून सिंथेसायझरच्या ‘इन’मध्ये केबल जोडावी. नवशिक्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते, कारण ‘इन’ला ‘इन’ जोडणे त्यांना स्वाभाविक वाटते.

शिवाय मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली आणि किती जोराने, एवढाच निरोप जातो; मध्य ‘सी’ या स्वराची पट्टी म्हणजे क्रमांक ६० आणि जोर १ ते १२७ असा. त्यामुळे सिंथेसायझरचा आवाज त्याच्या स्वतःच्या आउटपुटमधून मिक्सर किंवा स्पीकरला वेगळा न्यावा लागेल. पियानो सहसा निरोप पहिल्या चॅनेलवर (निरोपांच्या क्रमांकित मार्गावर) पाठवतो, म्हणून सिंथेसायझरही १६ पैकी पहिल्याच चॅनेलवर ऐकत आहे ना, हे तपासावे.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. पेटी आणली आणि काल रात्री पहिल्यांदा दोन्ही एकत्र वाजले, तेव्हा फार समाधान वाटले. आता एकच अडचण आहे : पेडल दाबले की व्हायोलिनचे स्वर थांबत नाहीत आणि सगळा गलका होतो.

प्रतिसाद २ :
पेडलचा निरोपही, म्हणजे ६४ क्रमांकाचा कंट्रोल संदेश, सिंथेसायझरपर्यंत पोहोचतो. पियानोचा सूर पेडल दाबलेले असतानाही हळूहळू विरतो, व्हायोलिनचा मात्र सोडेपर्यंत तसाच राहतो. सिंथेसायझरच्या मिडी विभागात सस्टेन (पेडलचा हा निरोप) स्वीकारणे बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास सुरावट बदलेल तसे पेडल सोडून पुन्हा दाबण्याची सवय लावावी. मी स्वतः हा दुसराच मार्ग धरला, कारण त्यामुळे हात अधिक नेटके झाले.