डेबियन १२ वरून १३ : प्लाझ्मा अर्ध्यात अडकलाय, पॅनेल गायब. मदत हवी आहे

मंडळी, मोबाइलवरून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे हिशेब मी लिबरऑफिसमध्ये ठेवते. पीसी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि प्लाझ्मा ५.२७ (त्याचा डेस्कटॉप). दोन वर्षांत एकदाही कुरकुर नाही. रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, आणि मला शुक्रवारी रात्री ट्रिक्सीवर, म्हणजे डेबियन १३ वर जायची अवदसा आठवली.

सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ती फाइल) बुकवर्मच्या, म्हणजे १२ च्या जागी ट्रिक्सी केलं, अपडेट मारलं, मग आधी नवीन पॅकेजेस न घेणारं साधं अपग्रेड. इथवर छान. फुल-अपग्रेडला मात्र 'केप्ट बॅक'ची (अपग्रेड न होता मागे राहिलेल्या पॅकेजेसची) ही लांबलचक यादी आली, त्यात सगळं प्लाझ्माचंच. एकेक घेऊन बघू म्हणून प्लाझ्मा-डेस्कटॉप इन्स्टॉल करायला गेले तर :

प्लाझ्मा-डेस्कटॉप : डिपेंड्स: प्लाझ्मा-वर्कस्पेस (>= ४:६.३)
ई: अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.

यानंतर रीस्टार्ट केलं, ते करायला नको होतं. आता लॉगिन होतं, वॉलपेपर दिसतो, माउस फिरतो. खाली पॅनेल नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर जाता येतं, तेवढाच आधार. व्हिडिओसाठी एक बाहेरची रेपॉझिटरी घातली होती, माझा संशय तिच्यावर. ती बंद केली, फरक शून्य. होम (माझ्या फाइली) वेगळ्या पार्टिशनवर आहे, पण खजिनदार काकांना उद्या प्रिंट हवेत. फॉरमॅट करायचं का?

प्रतिसाद १
फॉरमॅट अजिबात नको. बुकवर्मला एलटीएस (दीर्घकाळचा सपोर्ट) जून २०२८ पर्यंत आहे, सभेच्या तोंडावर काय नडलं होतं ताई? असो. 'हेल्ड ब्रोकन' हा मेसेज बऱ्याचदा चकवा असतो, कुणीही काहीही धरून ठेवलेलं नसताना येतो. तरी खात्री करा : 'एपीटी-मार्क शोहोल्ड'. काय येतं ते इथे टाका.

धागाकर्ती
दोन ओळी आल्या. प्लाझ्मा-वर्कस्पेस आणि केविन-एक्स११. आई गं, आठवलं! मागे एका अपडेटनंतर दुसऱ्या मॉनिटरवरचं पॅनेल उड्या मारायला लागलं होतं, तेव्हा मीच होल्ड लावला होता (आवृत्ती बदलू नये म्हणून).

प्रतिसाद १
मग रेपॉझिटरी बिचारी निर्दोष. तुमच्या वेळी मेसेज अक्षरशः खरा निघाला. वर्कस्पेस ५.२७ वर खिळलेलं, डेस्कटॉपला ६.३ हवं, एपीटी (पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम) करणार काय? दोन्ही अनहोल्ड करा. मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि पुन्हा फुल-अपग्रेड. 'रिमूव्ह' होणाऱ्यांची यादी डोळ्यांत तेल घालून वाचा. त्यात केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप दिसलं तर 'एन' दाबा आणि इथे या.

प्रतिसाद २
रूटवर (सिस्टिमच्या पार्टिशनवर) जागा किती आहे तेही बघून घ्या. माझं अपग्रेड डाउनलोडच्या मध्येच डिस्क भरून थांबलं होतं. 'एपीटी क्लीन'ने डाउनलोड करून साठवलेल्या डेब (पॅकेजच्या फाइली) उडतात.

धागाकर्ती
झालं! यादीत जुन्या लायब्रऱ्याच होत्या, वाय दाबलं. रात्री पावणेदोनला पॅनेल आलं, प्लाझ्मा ६.३. ताळेबंदाची फाइल उघडली, प्रिंटही निघाले. पण नवीन सेशन वेलँडचं (एक्स११ च्या जागी आलेली नवी डिस्प्ले पद्धत) आहे आणि एफसीआयटीएक्स ५ (मराठी टाइप करायचं साधन) मधून मराठी उमटत नाही. नोटिशीत एक दुरुस्ती करायचीय हो.

प्रतिसाद २
सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, त्यात व्हर्च्युअल कीबोर्ड. तिथे एफसीआयटीएक्स ५ निवडा, लॉगआउट करून परत या.

धागाकर्ती
उमटलं. 'ताळेबंद' लिहून पाहिलं.