बारावीला गणित नव्हतं, तरी बी.एस्सी.ला फिजिक्स मेजर द्यावं का?

रंकाळा_काठ
कोल्हापुरात पहिल्या वर्षाचे निकाल लागले की हा प्रश्न येतोच: पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी होतं, बारावीला गणित नव्हतं, आता फिजिक्स मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, मिळेल का? माझं स्पष्ट मत, देऊ नये. थर्मोडायनॅमिक्समधली मॅक्सवेल रिलेशन्स नावाची समीकरणं पार्शल डेरिव्हेटिव्हवर उभी आहेत. डॅम्प्ड ऑसिलेशन (हळूहळू विरत जाणारी दोलनं) म्हणजे सेकंड ऑर्डर डिफरन्शिअल इक्वेशन. ज्याला साधं इंटिग्रेशन येत नाही, तो डेरिव्हेशन पाठ करतो आणि उदाहरणात एक अट बदलली की अडकतो. पोरांची वर्षं वाया जातात.

शाहूपुरीकर
दादा, दार लावून घेणं हा काही उपाय नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यातच पहिल्या वर्षानंतर मेजर बदलायची मुभा आहे. राहिलं गणित, तर ते अख्खं करायची गरज नाही. राज्य मंडळाच्या अकरावी गणिताच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातून फंक्शन, लिमिट, डिफरन्सिएशन, कॉम्प्लेक्स नंबर. मग बारावीच्या पहिल्या भागातले व्हेक्टर, दुसऱ्या भागातून डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शिअल इक्वेशन. त्रिकोणमिती कच्ची असेल तर सगळ्यात आधी ती, नाहीतर इंटिग्रेशनला सब्स्टिट्यूशनच सुचत नाही. कोनिक सेक्शन खुशाल सोडा. सुट्टीत रोज दोन तास, आठ आठवडे, म्हणजे ११२ तास. चार क्रेडिटच्या (श्रेयांकांच्या) थिअरी पेपरला ६० तास असतात, त्यापेक्षा हे जवळपास दुप्पट. फक्त वहीत सोडवायचं; व्हिडिओ बघून हात बसत नाही.

पंचगंगा_घाट
गणिताचा हिशोब पटला, पण प्रॅक्टिकलचं काय? पहिल्या वर्षाचं फिजिक्सच झालेलं नाही. थिअरीची काही क्रेडिट 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून मिळतील, तीही विद्यापीठानं तो कोर्स मान्य केला असेल तरच. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला मात्र प्रयोगशाळेतले ३० तास लागतात. स्पेक्ट्रोमीटर जुळवणं घरी शिकता येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची बॅच एकाच दुपारी आली की एक बुडणारच. पुढचंही बघा: जॅमचा (एम.एस्सी.ला प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) पेपर चांगला गेला तरी फिजिक्स एम.एस्सी.साठी अनेक आयआयटी पदवीला गणित होतं का, हे तपासतात. त्यामुळे मायनर, म्हणजे दुय्यम विषय, गणितच हवं.

रंकाळा_काठ
मग माझं म्हणणं उरतंच की. एवढं सगळं एका सत्रात कोण पेलणार?

शाहूपुरीकर
एका सत्रात नकोच. राहिलेली पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल दोन वर्षांत वाटून घ्या. ते जमणार नसेल तर केमिस्ट्री मेजर ठेवून फिजिकल केमिस्ट्रीकडे वळा. क्वांटम आणि स्पेक्ट्रोस्कोपी तिथंही आहे. पण मुलाला गणिताची गोडी असेल तर नुसतं 'विषय नव्हता' म्हणून त्याला परत पाठवणं मला मान्य नाही.

पंचगंगा_घाट
आणि फॉर्म भरण्याआधी विभागप्रमुखांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: जागा शिल्लक आहे का, पहिल्या वर्षाचे कोणते पेपर भरून काढायचे, आणि गणित मायनर मिळणार का. तोंडी 'बघू नंतर' यावर जुनं मेजर सोडू नका.